डिचोलीचें न झालेलें युद्ध व महाजालावरील साधनांचें प्रामाण्य

गोमंतकांतील डिचोली परगण्यांत वतन असलेल्या एका घराण्याच्या कागदांविषयींचें टिपण त्रैमासिकाकरितां आमच्याकडे आलें आहे. टिपणकारांनीं मोडी कागद स्वतः वाचले आहेत, नकला काळजीपूर्वक केल्या आहेत, आणि दोन ठिकाणीं अक्षर लागत नाहीं हें प्रांजलपणें कबूल केलें आहे. असें टिपण हातीं येणें हा हल्लीं आनंदाचाच प्रसंग होय. परंतु प्रास्ताविकांत एक वाक्य आहे. तें असें कीं, सन १६४०-४१ मध्यें गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठी साम्राज्य यांचें डिचोलीच्या आसपास युद्ध होऊन शेवटीं तह झाला, व प्रस्तुत घराण्याचें वतन त्याच धामधुमींतलें असावें. आम्हीं आधार विचारला. उत्तरीं महाजालावरील पांच संकेतस्थळांचीं नांवें आलीं, आणि पांचही ठिकाणीं एकच हकीकत असल्यामुळें शंकेस जागा उरत नाहीं, असा अभिप्रायही आला.

आमच्या मतें शंकेस जागा तेथूनच सुरू होते. हें युद्ध झालेलें नाहीं. तें कोणा अज्ञात लेखकानें रचिलें. ती रचना कशी टिकली व कशी उघडकीस आली याची हकीकत संग्राहकांस व संशोधकांस माहीत असणें अवश्य आहे. म्हणून टिपणकारांस खाजगी उत्तर न धाडतां ती येथें देत आहों.

विकिपीडिया या नांवाचा ज्ञानकोश महाजालावर २००१ सालीं इंग्रजींत सुरू झाला. मराठी आवृत्ति २००३ सालची. त्यांत कोणासही लिहितां येतें व कोणासही दुरुस्ती करितां येते. या कोशाच्या इंग्रजी आवृत्तींत जुलै २००७ मध्यें डिचोलीच्या युद्धावर एक लेख दाखल झाला. लेख लहान नव्हता; साडेचार हजार शब्दांच्या घरांत होता. युद्धाचीं कारणें, मोहिमा, तह, परिणाम, सर्व कांहीं त्यांत यथासांग होतें, आणि वाक्यागणिक नाहीं तरी परिच्छेदागणिक ग्रंथांचे हवाले होते. सप्टेंबर २००७ मध्यें तेथील तपासणाऱ्यांनीं त्यास ‘चांगला लेख’ अशी श्रेणी दिली. त्याहून वरच्या श्रेणीसाठीं झालेला प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. पुढें पांच वर्षें लेख जसाच्या तसा राहिला. डिसेंबर २०१२ मध्यें एका सदस्यानें हवाल्यांतील ग्रंथ शोधावयास घेतले, तेव्हां ते ग्रंथच अस्तित्वांत नाहींत असें दिसून आलें. आणि लेख काढून टाकण्यांत आला. पण पांच वर्षांत त्याच्या नकला दुसरीकडे गेल्या होत्या, व मूळ नष्ट झालें तरी नकला उरल्या. आमच्या टिपणकारांचीं पांच स्थळें याच नकलांच्या वंशांतलीं आहेत.

आतां पाहावें कीं, या लेखाचें खोटेपण ओळखण्यास ग्रंथ शोधण्याची तरी गरज होती काय? सन १६४० मध्यें श्रीशिवछत्रपतींचें वय दहा वर्षांचें होतें. शहाजीराजे १६३६ च्या तहानंतर विजापूरच्या चाकरींत होते. राज्याभिषेक व्हावयास आणखी चौतीस वर्षें होतीं. त्या सालीं ‘मराठी साम्राज्य’ कोठें होतें? डिचोली तेव्हां आदिलशाहींत मोडत होती. पोर्तुगीजांकडे तिसवाडी, बारदेश व साष्टी हे महाल होते. डिचोली त्यांच्याकडे आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आणि त्या दोन सालीं गोव्याच्या सरकारास चिंता होती ती डचांची. डचांचीं गलबतें गोव्याचें तोंड अडवून बसत होतीं, आणि जानेवारी १६४१ मध्यें मलाक्काही पोर्तुगीजांच्या हातची गेली. अशा वेळीं दाराशीं मराठ्यांबरोबर दोन वर्षें युद्ध चाललें असतें, तर गोव्याच्या राज्यमंडळाच्या ठरावांत त्याचा शब्दही नसावा हें संभवत नाहीं. १६१८ ते १७५० पर्यंतचे हे ठराव डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं १९५३ ते १९५७ मध्यें पांच खंडांत छापून ठेविले आहेत. युद्ध झालें म्हणणाऱ्यानें प्रथम त्यांतील ठराव दाखवावा. तो न दाखवितां पांच संकेतस्थळें दाखविणें म्हणजे दफ्तर बंद ठेवून चावडीवरील गप्पांची साक्ष काढणें होय.

डिचोलीचा व मराठ्यांचा संबंध नाहीं असें नव्हे. डिचोलीनजीक नार्वें येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयावरील शके १५९० चा लेख अद्याप वाचतां येतो, व तो शिवछत्रपतींच्या आज्ञेचा आहे. संभाजीमहाराजांची १६८३ ची गोव्यावरील स्वारी तर प्रसिद्धच आहे. म्हणजे बनावट हकीकत रचणारानें नांवें खरीं घेतलीं, प्रदेश खरा घेतला, पक्षही खरे घेतले. फक्त साल असें निवडलें कीं, त्या सालाविषयीं सामान्य वाचकास कांहींच ठाऊक नसावें. खोट्या कागदाची ही जुनी रीति आहे. आमच्याकडील वतनाच्या तंट्यांत जे बनावट महजर पुढें आले त्यांत गांव खरा, पांढरी खरी, साक्षीदारांचीं आडनांवेंही खरीं. खोटें असे तें एवढेंच कीं, ती सभा त्या दिवशीं बसलीच नव्हती. इंग्रज सरकारनें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन नेमलें तेव्हां अनेक घरांतील सनदा तपासून घेतल्या गेल्या. त्या कमिशनाविषयीं आमच्या वाडवडिलांनीं काढलेले उद्गार येथें देण्याजोगे नाहींत. तथापि कागद पाहण्याचा एक क्रम आपण सर्वच पाळतों : कागद कोणत्या जातीचा, वळण कोणाचें, शिक्का व मोर्तब ठिकाणावर आहेत किंवा नाहींत, मायना त्या काळास शोभतो काय, सन व तिथि जुळतात काय, आणि सर्वांत मुख्य म्हणजे हा कागद आजवर कोणाच्या रुमालांत होता. दुकानांतून विकत घेतलेल्या बंदास आपण हे सर्व प्रश्न विचारतों. संगणकाच्या पडद्यावर तोच मजकूर स्वच्छ अक्षरांत दिसला कीं, एकही विचारीत नाहीं. हें आश्चर्य आहे.

टिपणकारांचा खरा आधार पांच या संख्येवर आहे. म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. पोथ्या जमविणारास हें सांगावयास नको कीं, एकाच चुकीच्या पोथीवरून दहा नकला झाल्या तर त्या दहा साक्षी होत नाहींत. ती एकच साक्ष दहा वेळां ऐकूं येते. नकलकार ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ करणारा असला तर चूकही तंतोतंत उतरते, आणि ती समान चूकच त्या नकलांचें गोत्र सांगते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९३३ सालीं हस्तलिखितांची जी छाननी मांडली, तिचें मर्म हेंच कीं, पोथ्या मोजावयाच्या नसून त्यांचीं कुळें पाहावयाचीं असतात. हाच न्याय महाजालास लावावा. आम्हीं तीं पांचही स्थळें उघडून मजकूर शेजारीं शेजारीं ठेविला. दोहोंत वाक्यें अक्षरशः एक आहेत. तिसऱ्यांत शब्द पालटले आहेत पण परिच्छेदांचा क्रम तोच. उरलेल्या दोहोंत हकीकत संक्षिप्त केली आहे, मात्र मूळांत नसलेला एकही तपशील नाहीं. स्वतंत्र साक्षीदार कधीं इतके एकमुखी नसतात. ज्यास स्वतःचें दफ्तर आहे त्याच्याजवळ एखादें तरी जास्त नांव, एखादी तरी वेगळी तारीख असते.

उलट उदाहरण घ्यावयाचें तर शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचें घ्यावें. बखरींच्या आधारें रूढ झालेली तिथि वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७. एकीवरून दुसरीनें व दुसरीवरून तिसरीनें घेतलेली ही तिथि पुढें छापील पुस्तकांतही उतरली, आणि संख्या मोजली तर बहुमत तिचेंच होतें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार, अशी नोंद मिळाली. ही एकटी नोंद त्या बहुमतापुढें उभी राहिली असती किंवा नाहीं, कोण सांगेल? परंतु तंजावर येथें सांपडलेल्या परमानंदकृत शिवभारतांत तीच तिथि निघाली, व जोधपूरकडील जुन्या जन्मपत्रिकांच्या संग्रहांतील कुंडलीही तिच्याशीं जुळली. मावळांतील देशमुखाचें घर, कावेरीकांठचें ग्रंथालय आणि मारवाडांतील ज्योतिषाची वही, या तिहींनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नाहीं. म्हणून त्या तीन साक्षी. वाद पुढें पुष्कळ चालला, आणि महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं हीच तिथि, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अधिकृत मानली. आज हा दिनांक महाजालावर असंख्य ठिकाणीं आढळतो. पण तो खरा आहे तो त्या असंख्य ठिकाणांमुळें नव्हे.

या दिनांकाच्याच पोटांत महाजालाचा दुसरा एक दोष दिसतो, आणि त्यांत आम्ही स्वतः सांपडलों आहों. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे जूलियन पद्धतीची आहे. नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पद्धतीनें तोच दिवस १ मार्च १६३० होय. वार दोहोंकडे शुक्रवारच, कारण दिवस एकच. संगणकावरील पंचांगें बहुधा नव्या पद्धतीनें मागील शतकेंही मोजतात; त्यांस १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर मंगळवार सांगतील, व अजाण मनुष्य शकावलीचा वार चुकला असें समजेल. इंग्रजांनीं जुनी पद्धति १७५२ पर्यंत सोडली नाहीं, शिवाय तोंवर त्यांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला पालटत असे. पोर्तुगीजांनीं मात्र नवी पद्धति १५८२ सालींच स्वीकारली. सतराव्या शतकांत दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें, अठराव्यांत अकरा झालें. सुरतेचें पत्र व गोव्याचें पत्र एकाच तारखेचें दिसलें तरी तीं एका दिवसाचीं नसतात.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरीही कांहीं वर्षांमागें एका मराठी पत्रांतील तिथीची तारीख आम्हीं घाईनें एका संकेतस्थळावरून काढिली, व ती इंग्रज वखारीच्या एका पत्राशीं ताडून पाहिली. तों बातमी घटनेच्या आधीं सात दिवस पोहोंचलेली दिसली! आम्हीं बिचाऱ्या इंग्रज कारकुनावर तारीख चुकल्याचा ठपका ठेविला व तें तसेंच छापलें. एका वर्गणीदारांनीं पत्रानें विचारलें, “आपण तारीख कोणत्या पद्धतीची घेतली?” तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली. कारकून बरोबर होता. घटनेनंतर तिसऱ्या दिवशीं त्यास बातमी लागली होती. त्या स्थळानें तारीख चुकीची दिली नव्हती, फक्त पद्धति सांगितली नव्हती. जें साधन आपली गणना सांगत नाहीं त्याचा उपयोग करण्यापूर्वीं खरे जंत्री किंवा दुसरी एखादी छापील जंत्री उघडून वार जुळवावा. वार हा तिथीचा जामीन आहे.

मग महाजाल टाकून द्यावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. ज्या ग्रंथाच्या एका प्रतीसाठीं पूर्वीं पुण्याहून कलकत्त्यास पत्रें पाठवावीं लागत, तो आज घरबसल्या पानोपान पाहतां येतो. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत जुन्या मराठी ग्रंथांचीं व नियतकालिकांचीं छायाचित्रित पानें आहेत, आणि पानाचें छायाचित्र हें कोणाच्याही शब्दापेक्षां मोलाचें. तेथें दोष आहेत ते निराळे. ग्रंथाचें नांव चुकीचें नोंदलेलें असतें. लेखकाच्या जागीं प्रकाशक येतो. मधलीं पानें गळालेलीं असतात. दुसऱ्या आवृत्तीस पहिलीचें साल लागतें. म्हणून मुखपृष्ठ व शेवटचें पान पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. परंतु हे दोष डोळ्यांस दिसणारे आहेत. टंकलिखित मजकुरांत मूळ पानच नाहीं, त्यामुळें मधला शब्द कोणीं गाळला कीं घातला हें समजावयास मार्ग नाहीं. आमचा अनुभव असा कीं, अव्यवस्थित संग्रहांतील एक धुरकट छायाचित्र हें सुबक संकेतस्थळावरील दहा पानांच्या टंकलिखित उताऱ्याहून अधिक उपयोगी पडतें. स्थळाची प्रतिष्ठा पाहून विश्वास ठेवणें म्हणजे रुमालाचें कापड पाहून आंतील कागदाची परीक्षा करणें.

मराठी विश्वकोश महाजालावर आहे. त्यांत नोंदीखालीं लेखकाचें नांव असतें, व जबाबदार माणूस समोर असणें ही मोठी सोय आहे. पण त्याचे छापील खंड १९७६ पासून निघत आले आहेत. तेव्हां एखादी नोंद वाचतांना ती कोणत्या वर्षाच्या ज्ञानावर लिहिली हें पाहिलें पाहिजे. आणि ज्या विकिपीडियाची वर आम्हीं एवढी कानउघाडणी केली, त्याचा एक गुण प्रतिष्ठित स्थळांतही आढळत नाहीं : प्रत्येक लेखाचा इतिहास तेथें जपलेला असतो. कोणतें वाक्य कोणत्या दिवशीं आलें, पूर्वीं काय होतें, कोणीं खोडलें, हें सर्व उघड. जणूं पोथीवर प्रत्येक हाताची शाई वेगळ्या रंगाची! हा इतिहास न उघडतां तेथील वाक्य उचलणाऱ्यानें निदान कोशास दोष देऊं नये.

तो उघडून पाहण्याचें महत्त्व दाखविणारी एक परदेशांतील गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेंत कोआटी नांवाचा एक प्राणी आहे. २००८ सालीं एका अमेरिकन विद्यार्थ्यानें त्याच्या लेखांत, यास ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेंही म्हणतात, हे शब्द थट्टेनें घातले. पुढें वर्तमानपत्रांनीं तें नांव वापरलें, एका विद्यापीठानें छापलेल्या पुस्तकांतही तें गेलें. आणि मग त्याच वर्तमानपत्री मजकुराचा हवाला मूळ वाक्याखालीं आधार म्हणून लागला! २०१४ सालीं ‘न्यूयॉर्कर’नें ही कथा छापली. येथें नकल मूळाची साक्ष देते व मूळ नकलेची. छापील पुस्तकांत आहे म्हणून खरें, हा आपला जुना आधारही त्यामुळें डळमळला आहे. २००८ नंतर छापलेल्या पुस्तकांतील एखादें नवें विधान पाहिलें कीं, तें महाजालावर आधीं कधीं आलें हेंही तपासणें भाग पडतें. आमच्या त्रैमासिकाची भीति हीच. १६४०-४१ चें युद्ध आम्हीं एकदां छापलें कीं, उद्यां सहावें स्थळ आमच्या अंकाचें व पृष्ठाचें नांव देईल, आणि मग तें खोडून काढणें कोणासही सोपें जाणार नाहीं.

अलीकडे तर मनुष्याच्या हाताचीही गरज उरली नाहीं. प्रश्न विचारतांच संगणकाची यंत्रणा सुरेख भाषेंत उत्तर रचून देते, आणि मागितल्यास ग्रंथांचीं नांवें व पृष्ठेंही देते. त्यांतील कांहीं कधींच छापलीं गेलेलीं नसतात. न्यूयॉर्क येथील दोन वकिलांनीं अशा यंत्रानें दिलेले, प्रत्यक्षांत न झालेले निवाडे न्यायालयापुढें ठेविले, व जून २०२३ मध्यें त्यांस पांच हजार डॉलर दंड झाला. डिचोलीच्या लेखकास खोटे ग्रंथ कल्पावयास निदान कांहीं रात्री जागाव्या लागल्या असतील. आतां तेवढेंही श्रम नाहींत. हवाला दिसला कीं ग्रंथ मागवावा, ग्रंथ आला कीं पान काढावें, आणि पानावर तें वाक्य आहे काय हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. याहून निराळा उपाय आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या ग्रंथाचें पान मिळत नाहीं त्याचा हवाला यापुढें त्रैमासिकांत घेतला जाणार नाहीं.

टिपणकारांस आम्हीं टिपण परत पाठविलें आहे, तें नाकारण्यासाठीं नव्हे. युद्धाचें वाक्य व त्यावर उभारलेला तर्क गाळावा, एवढीच सूचना. वास्तविक त्यांच्या कागदांतच या प्रश्नाचें खरें साधन आहे. तिसऱ्या पत्राचा मायना विजापुरी पद्धतीचा असून सन सुहूर आहे. तो बरोबर लागला, तर वतन आदिलशाही अमलांतलें ठरतें, आणि कोणत्याही युद्धाची मदत न घेतां घराण्याची प्राचीनता सिद्ध होते. मात्र त्यांनीं पाठविलेल्या छायाचित्रांत कागदाची एकच बाजू आहे, व शतकाचा आंकडा घडीच्या रेषेवर गेला आहे. पाठीवरील नोंद व जोड दिसेल असें दुसरें छायाचित्र त्यांनीं धाडावें. तें आल्यास पुढील अंकांत टिपण छापण्याचा विचार करूं.